दिवे हिरवे, पान कोरं: घरच्या नेटबिघाडाची पार्श्वभूमी

इंदूरच्या लोकमान्यनगरातून किंवा राजेंद्रनगरातून दुरुस्तीला आलेल्या घरगुती संगणकाची तक्रार बहुधा एकाच वाक्यात असते: 'नेट आहे, पण काही उघडत नाही.' राउटरचे दिवे हिरवे, ब्राउझर कोरा. अशा वेळी सर्रास 'फॉरमॅट मारून' मोकळं होतात. त्याची गरज क्वचितच असते. इंटरनेटचे थर वेगवेगळ्या साली एकमेकांवर चढत गेले आणि त्यातला कुठलाही अडला तरी समोर कोरं पानच येतं. त्याच वायफायवर मोबाइलचा ब्राउझर चालत असेल, तर दोष बहुतेक संगणकातच आहे, हे आधी पक्कं करावं.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. डायल-अपच्या त्या काळात बिघाडाचं निदान मोडेमचा आवाज ऐकून कानानेच व्हायचं. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस वेग ठरवला. तार मात्र तांब्याचीच राहिली: ४ किलोहर्ट्‌झच्या खाली आवाज, साधारण २५च्या वर डेटा. दोन्ही वेगळे ठेवायला प्रत्येक फोनमागे फिल्टर किंवा सुरुवातीलाच स्प्लिटर लागे. जुन्या वाड्यात माडीवर जोडलेला दुसरा फोन फिल्टरविना राहिला, की रिंग वाजताच नेट तुटायचं. फायबरने ही कटकट संपवली, पण त्या काळातली एक गोष्ट अनेक जोडण्यांवर टिकून आहे.

ती म्हणजे पीपीपीओई, यूजरनेम-पासवर्ड घेऊन लाइन उघडणारी पद्धत. तिचा मसुदा १९९९चा. ती प्रत्येक पॅकेटमधले, म्हणजे डेटाच्या तुकड्यातले, ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून १५००च्या जागी १४९२च उरतात. मोठं पॅकेट अडलं की 'छोटं पाठव' असा निरोप परत जायला हवा. वाटेतल्या फायरवॉलने तो निरोपच अडवला, की काही साइट झटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात. विंडोजच्या कमांड खिडकीत 'पिंग -एफ -एल १४६४ ८.८.८.८' (ping -f -l 1464 8.8.8.8) चालवून बघावं. पिंग म्हणजे समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते पाहणं; ८.८.८.८ हा गूगलचा सर्व्हर. उत्तर आलं नाही तर १४६४चा आकडा दहा-दहाने उतरवावा. जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवून तो आकडा राउटरच्या एमटीयूमध्ये, म्हणजे पॅकेटच्या कमाल आकाराच्या रकान्यात, भरावा.

आता नावांचा थर. पूर्वी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत असत. ती आवरेना, म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी व्यवस्था, मांडलं. जुन्या फाइलीचा वंशज, 'होस्ट्स', आजही विंडोजमध्ये आहे आणि व्हायरस तिथे आवर्जून हात मारतात. ८.८.८.८ला पिंग जातो पण साइटच्या नावाने जात नाही, तर दोष इथेच. 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' (ipconfig /flushdns) चालवावं, मग डीएनएसच्या चौकटीत कोणते आकडे आहेत ते वाचावं. डीएनएसचेंजर नावाचा व्हायरस तिथे स्वतःचे सर्व्हर बसवायचा. टोळी २०११मध्ये पकडली गेली, तरी लोकांचं नेट तुटू नये म्हणून त्या जागी तात्पुरते सर्व्हर चालवले गेले. ९ जुलै २०१२ला तेही बंद झाले, आणि तोवर साफ न झालेल्या संगणकांचं ब्राउझिंग गेलं. संगणकाचा पत्ताच १६९.२५४ने सुरू होत असेल, तर मात्र डीएनएसमागे लागू नये. राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. केबल नाहीतर वायफाय तपासावं.

विंडोज ९८सोबत आलेल्या विनसॉक २मध्ये, म्हणजे प्रोग्रामना नेटशी जोडणाऱ्या विंडोजच्या भागात, इतर प्रोग्रामना मधल्या साखळीत कडी घालायची मुभा होती. जाहिरातबाज प्रोग्राम ती घालत. अँटिव्हायरसने कडी उपटली की साखळीच तुटे: पिंग बहुधा चाले, ब्राउझर मुका. ऑगस्ट २००४च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ने उपाय दिला, 'नेटएसएच विनसॉक रिसेट' (netsh winsock reset). ॲडमिन म्हणून चालवायचा आणि संगणक रीस्टार्ट करायचा. प्रॉक्सीचंही, म्हणजे ब्राउझर आणि नेट यांच्यामधल्या मध्यस्थाचंही, तसंच. व्हायरस जातो, पण सेटिंगमध्ये १२७.०.०.१ हा संगणकाचा स्वतःचाच पत्ता राहून जातो, आणि ब्राउझर आता नसलेल्या दारावर ठोठावत बसतो. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सीचं बटण बंद केलं की काम झालं.

घड्याळाचा बिघाड त्यामानाने नवा. साध्या एचटीटीपीला, म्हणजे पानं आणण्याच्या जुन्या, बिनकुलपाच्या पद्धतीला, तारखेशी देणंघेणं नव्हतं. आता जवळपास प्रत्येक साइट आपल्या ओळखीचं प्रमाणपत्र दाखवते आणि त्याला मुदत असते. बोर्डावरचा, घड्याळ चालतं ठेवणारा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल संपला, आणि रात्री भिंतीवरचं बटणही बंद होत असेल, तर सकाळी संगणक कित्येक वर्षं मागे गेलेला असतो आणि एकही सुरक्षित पान उघडत नाही. इंदूरच्या जेल रोडवरच्या बाजारातून सेल आणून बदलावा, तारीख नीट लावावी. तारीख बरोबर असूनही अपडेट थांबलेलं विंडोज ७ अडत असेल, तर कारण वेगळं: ३० सप्टेंबर २०२१ला एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची, म्हणजे ज्याच्या भरवशावर अनेक साइटची प्रमाणपत्रं खरी मानली जात त्याची, मुदत संपली. तिथे विंडोज ७वर चालणारी फायरफॉक्सची आवृत्ती घालून बघावी. मूळ प्रमाणपत्रांची यादी फायरफॉक्स स्वतःची बाळगतो.