रोहिणीताठरता व दीर्घकालीन शोथ

रोहिणीच्या (धमनीच्या) भित्तीची लवचिकता घटून ती ताठर होणे आणि शरीरात वर्षानुवर्षे धुमसणारा शोथ (दाहयुक्त सूज) यांचा परस्परसंबंध. ताठरता म्हणजे रोहिणीविलेपी विकार नव्हे. त्या विकारात अंतःस्तरात मेदयुक्त थर साचून पोकळी अरुंद होते. ताठरतेत मुख्य बिघाड मध्यस्तरातील इलॅस्टिन (लवचिक) व कोलॅजेन (ताठ) या प्रथिनांच्या तंतूंत असतो. दोन्ही बहुधा एकाच रुग्णात आढळतात, त्यामुळे त्यांची गल्लत होते. ती टाळणे अत्यंत आवश्यक आहे.

ताठरता नाडीतरंगाच्या (हृदयाच्या ठोक्याने रोहिणीतून धावणाऱ्या दाबलहरीच्या) वेगावरून मोजतात. मानेत व जांघेत एकेक संवेदक टेकवून तोच ठोका दोन्हीकडे किती अंतराने लागतो ते पाहतात. मार्ग ५० सेंमी. व फरक ०·०५ सेकंद असेल, तर वेग सेकंदाला १० मी. होतो. भित्ती जितकी ताठ तितका तरंग वेगवान, या नात्याचे सूत्र मोएन्स व कोर्टेवेग या डच शास्त्रज्ञांच्या नावे ओळखले जाते (१८७८). यूरोपीय तज्ञांनी २००७ मध्ये धोक्याची मर्यादा सेकंदाला १२ मी. ठरवली होती, २०१२ मध्ये ती १० मी. झाली. रोग्यांत काही बदलले नव्हते, अंतर मोजण्याची रीत बदलली होती. मान ते जांघ हे पृष्ठभागावरील अंतर प्रत्यक्ष मार्गाहून जास्त भरते, म्हणून त्याचे ८० टक्केच धरायचे ठरले. जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करताना हे विसरू नये.

शोथात इंटरल्यूकिन-६ व टीएनएफ-अल्फा यांसारखी शोथ चेतवणारी द्रव्ये वाढतात, अंतःस्तरातून मिळणारे, स्नायू सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड घटते आणि भित्तीतील स्नायू आवळलेले राहतात. एवढा बिघाड पूर्ववत होऊ शकतो. निरोगी व्यक्तींना विषमज्वराची लस देऊन अल्पकालीन शोथ निर्माण केला असता तरंगवेग तात्पुरता वाढलेला आढळला. संधिवाताभ संधिशोथात (सांध्यांच्या दीर्घकालीन दाहविकारात) टीएनएफरोधी औषधांनी तरंगवेग कमी झाल्याची निरीक्षणेही आहेत. पांढऱ्या पेशींतील एंझाइमांनी इलॅस्टिन तुटले, की मात्र हानी टिकते. प्रौढ शरीर ते पुन्हा फारसे घडवत नाही. त्याची जागा ताठ कोलॅजेन घेते, पुढे कॅल्शियमही साचते.

आधी शोथ की आधी ताठरता, याबाबत मतभेद आहेत. विकृतिशास्त्रज्ञ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रोहिणीविकाराचे मूळ शोथात पाहिले, तर त्यांचे समकालीन विकृतिशास्त्रज्ञ रोकिटान्स्की यांनी शोथ दुय्यम मानला. तो वाद अर्थात विलेपी विकाराचा होता. ताठ भित्तीवर पडणारा वाढीव ताणही पेशींना चेतवून शोथ वाढवतो. त्यामुळे दोन्ही एकमेकांना वाढवतात, या दुहेरी चक्राची कल्पना अधिक ग्राह्य वाटते.

ताठ महारोहिणीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत) दूरच्या फाट्यांवरून परावर्तित झालेला नाडीतरंग लवकर परततो. आकुंचनकालीन दाब चढतो, डावे निलय (हृदयाचा रक्त ढकलणारा खालचा कप्पा) जाड होते आणि प्रसरणकाळात हृद्‌रोहिणींना रक्त कमी मिळते. मेंदू व वृक्कांतील (मूत्रपिंडांतील) सूक्ष्म वाहिन्यांनाही हादरे बसतात.

‘कँटॉस’ चाचणीत (२०१७) हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांत कॅनाकिनुमॅब या शोथरोधी औषधाने, कोलेस्टेरॉल न घटवता, पुढील हृद्‌वाहिनी घटना १५० मिग्रॅ. मात्रेत सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाल्या. प्राणघातक संसर्ग मात्र वाढले. दुसऱ्या चाचणीत अल्प मात्रेतील मेथोट्रेक्सेट या शोथरोधी औषधाचा असा लाभ दिसला नाही. या चाचण्यांचा मुख्य निकष हृद्‌वाहिनी घटना हा होता, तरंगवेग नव्हे. ताठरतेला हे निष्कर्ष थेट लावता येत नाहीत.