पोर्ट फॉरवर्डिंग (घरगुती गेम सर्व्हरसाठी)

पोर्ट फॉरवर्डिंग : राउटरच्या सार्वजनिक आयपी पत्त्यावर ठराविक पोर्टवर (सेवा ओळखण्याच्या क्रमांकावर) येणारी पॅकेट्स, म्हणजे माहितीचे तुकडे, घरातल्या एका ठराविक संगणकाकडे वळवण्याची व्यवस्था. घरच्या संगणकावर गेम सर्व्हर चालवून परगावच्या मित्रांना त्यात घ्यायचे असेल, तर तिची गरज पडते. सर्व्हर कसा उभारावा हे येथे गृहीत धरले असून उगम आणि दोषशोध या दोन बाबींवर भर आहे.

घरातली सगळी उपकरणे बाहेर एकाच सार्वजनिक पत्त्याने वावरतात. आतून सुरू झालेल्या प्रत्येक संभाषणाची नोंद राउटर आपल्या तक्त्यात ठेवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोचवतो. बाहेरून आपणहून आलेल्या पॅकेटची अशी नोंद नसते, म्हणून ते टाकून दिले जाते. फॉरवर्डिंगचा नियम म्हणजे या तक्त्यात आधीच करून ठेवलेली कायमची नोंद.

उगम : या व्यवस्थेचा इतिहास पत्ता-रूपांतराच्या, म्हणजे नॅटच्या इतिहासाशी जोडलेला आहे आणि नॅटच्या जनकत्वाबद्दल एकवाक्यता नाही. पॉल त्सुचिया (पुढे पॉल फ्रान्सिस या नावाने परिचित) आणि टोनी एंग यांनी पत्त्यांच्या पुनर्वापराची कल्पना जानेवारी १९९३ मधील लेखात मांडली. मे १९९४ च्या ‘आरएफसी १६३१’ या (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालिकेतील) दस्तऐवजावर केल्ड एगेवांग आणि फ्रान्सिस यांची नावे आहेत. दुसरीकडे, जॉन मेझ यांची नेटवर्क ट्रान्सलेशन ही कंपनी आणि ब्रँटली कॉइल यांनी सॉफ्टवेअर लिहिलेले पिक्स हे नॅट करणारे उपकरण त्याच सुमारास पुढे आले. ही कंपनी नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्कोने १९९५ मध्ये घेतली. कल्पनेचे श्रेय त्सुचिया-एंग यांना आणि बाजारात चालणाऱ्या उपकरणाचे श्रेय मेझ-कॉइल यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

येथे एक तपशील सहसा निसटतो. ‘आरएफसी १६३१’ मध्ये पत्त्याला पत्ता बदलण्याचा विचार आहे. एका पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवण्यासाठी पोर्टही बदलण्याची पद्धत जानेवारी २००१ च्या ‘आरएफसी ३०२२’ मध्ये नवी भर म्हणून येते. प्रत्यक्ष वापर मात्र त्याआधीचा आहे. लिनक्सवर ‘मास्करेडिंग’ या नावाने तो नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून रूढ होता. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ हा शब्द एसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या प्रणालीच्या) परिभाषेतही आहे, पण तेथे तो कूटबद्ध बोगद्यातून पोर्ट नेण्यासाठी वापरतात. राउटरवाल्यांनी तो तेथून उचलला की स्वतंत्रपणे घडवला, याबाबत दुसरी शक्यता अधिक दिसते, कारण दोन्ही क्रियांत ‘पुढे पाठवणे’ एवढेच समान आहे.

दोषशोध : नियम बरोबर भरला तरी मित्र आत येत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. अशा वेळी तोच नियम पुन्हापुन्हा पुसून लिहिण्यात संध्याकाळ जाते. नियमाला हात लावण्याआधी सार्वजनिक पत्ता खरोखर आपल्या राउटरकडे आहे का, हे पाहावे. राउटरच्या स्थितिदर्शक पानावरील वॅन पत्ता (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावरील पत्ता शेजारी ठेवावेत. दोन्ही सारखे असतील तर पुढे जावे. वॅन पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यात असेल, तर राउटर इंटरनेट पुरवठादाराच्या नॅटमागे आहे. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये ‘आरएफसी ६५९८’ ने त्याच कामासाठी राखून ठेवला. जागतिक साठ्यातील आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपल्यानंतर अशी नॅट वाढत गेली. तिच्यामागून घरच्या राउटरवरचा कोणताही नियम चालत नाही. पुरवठादाराकडून सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागतो किंवा बाहेरच्या बोगद्याची सोय करावी लागते. वॅन पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल, तर बहुधा फायबरच्या डब्यामागे आपला दुसरा राउटर लावलेला असतो. तेव्हा पहिला डबा ब्रिज मोडवर (नॅट न करता पॅकेट नुसते पुढे देण्याच्या स्थितीत) टाकावा, नाहीतर दोन्हीकडे नियम लिहावा. काही पुरवठादार या पट्ट्यांतलेच पत्ते आपल्या नॅटसाठी वापरतात, हेही ध्यानात ठेवावे.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचे उदाहरण घेऊ. तिचे मूळ पोर्ट २५५६५, टीसीपी. बेडरॉक आवृत्तीचे १९१३२, यूडीपी. टीसीपी आणि यूडीपी या पॅकेट पाठवण्याच्या दोन पद्धतींची, म्हणजे प्रोटोकॉलांची, अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. आधी त्याच संगणकावरून, मग घरातल्या दुसऱ्या संगणकावरून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर आणि शेवटी बाहेरून, अशा क्रमाने जोडून पाहावे. बाहेरची चाचणी मोबाइल डेटावरून घ्यावी. घरच्याच वाय-फायवरून स्वतःचा सार्वजनिक पत्ता टाकला तर कित्येक राउटर पॅकेट परत आत वळवत नाहीत. ‘आरएफसी ४७८७’ ने २००७ मध्ये यूडीपीसाठी ही क्षमता आवश्यक ठरवली असली तरी ती सर्वत्र आढळत नाही. त्यामुळे चालणारा सर्व्हरही बंद भासतो. पोर्ट तपासणारी संकेतस्थळेही सर्व्हर चालू नसेल तर ‘बंद’ असेच दाखवतात.

संदेशाचे शब्द नीट वाचावेत. जोडणी ‘नाकारली’ असे आले, तर पॅकेट कोणत्या तरी यंत्रापर्यंत पोचले, पण तेथे ते घेणारे कोणी नव्हते. बहुधा सर्व्हर बंद आहे किंवा पोर्ट चुकले आहे. वेळ संपल्याचा संदेश आला, तर पॅकेट वाटेतच गिळले गेले. तेव्हा पुरवठादाराची नॅट, संगणकाची फायरवॉल (नको असलेल्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) किंवा नियमातला जुना अंतर्गत पत्ता यांवर संशय घ्यावा. विंडोजमध्ये जावाला ‘खासगी’ नेटवर्कपुरती परवानगी असते आणि वाय-फाय ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदलेले असते, तेव्हा नेमके हेच घडते.

काल चालत होते आणि आज नाही, असे असेल तर वीज कधी गेली होती ते आठवावे. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर संगणकाला १९२.१६८.१.१४ ऐवजी १९२.१६८.१.१७ मिळतो आणि नियम रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. त्यासाठी राउटरमध्ये डीएचसीपी आरक्षण करावे, म्हणजे संगणकाला नेहमी तोच अंतर्गत पत्ता मिळेल. सार्वजनिक पत्ताही अशा वेळी बदलू शकतो. त्यावर डायनॅमिक डीएनएस, म्हणजे बदलत्या पत्त्याला कायमचे एक नाव जोडून ठेवणारी सेवा, हा उपाय आहे. काही होत नाही म्हणून संगणक थेट राउटरच्या ‘डीएमझेड’मध्ये टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो टाळावा. त्याने एका पोर्टऐवजी जवळजवळ सगळीच पोर्टे बाहेर उघडी पडतात.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असू शकतो, त्यामुळे फॉरवर्डिंग लागत नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये त्या संगणकाच्या पोर्टला वाट द्यावी लागते. खेळणाऱ्याकडेही सहावी आवृत्ती असावी लागते. असा पत्ता माइनक्राफ्टमध्ये चौकोनी कंसात लिहून कंसाबाहेर कोलन (:) व पोर्ट देतात.