बर्फ पाडायलाही थंडी लागते

फेब्रुवारी 2020. फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातल्या ल्युशाँ-सुपरबान्येर या स्कीच्या ठिकाणी ऐन सुट्ट्यांच्या हंगामात खालचे उतार उघडे पडले. नवशिके आणि लहान मुलं शिकतात ते नेमके हेच उतार. मग हेलिकॉप्टर बोलावलं गेलं आणि डोंगराच्या वरच्या अंगाचा सुमारे 50 टन बर्फ उचलून खाली आणून ओतला. त्यावर देशभर टीकेची झोड उठली, पर्यावरणमंत्र्यांनीही कान उपटले. बाहेरच्याला वाटेल, बर्फ तयार करणारी यंत्रं 1950च्या सुमारास अमेरिकेत निघाली, आज ती युरोपभर आहेत, मग एवढा आटापिटा कशाला? त्याचं उत्तर यंत्राच्या पोटात आहे.

हे यंत्र, म्हणजेच स्नो गन, बर्फाचा कारखाना नव्हे. ती फक्त पाण्याचे बारीक थेंब करून हवेत उडवते. गोठवण्याचं काम हवेलाच करावं लागतं. यंत्राच्या तोंडाशी दोन प्रकारच्या तोट्या असतात. एका प्रकारातून दाबाखालची हवा आणि पाणी एकत्र बाहेर पडतं. दाब सुटताच हवा प्रसरण पावून एकदम गार होते आणि त्यात बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात. हे झालं बियाणं. उरलेल्या तोट्यांमधून नुसतं पाणी फवारलं जातं. त्याचे थेंब या कणांना चिकटले की गोठायला लागतात. बियाण्याची गरज पडते, कारण अगदी शुद्ध पाण्याचा सूक्ष्म थेंब उणे 38 अंशांपर्यंतही द्रवच राहू शकतो. काही ठिकाणी यासाठी ‘स्युडोमोनास सिरिंजी’ या जिवाणूचं प्रथिन पाण्यात मिसळतात. शेतातल्या पिकांवर हिमदंश घडवून आणणारा हाच तो जिवाणू. स्कीवाल्यांनी त्याला कामाला लावलं.

हवा किती गार हवी, हे साधा थर्मामीटर पाहून कळत नाही. नागपुरात मे महिन्यात डेझर्ट कूलर झकास चालतो आणि मुंबईत तोच कूलर घामाच्या धारा थांबवू शकत नाही. कोरड्या हवेत पाण्याची वाफ पटकन होते आणि वाफ होताना उष्णता ओढून घेतली जाते. स्नो गनमधून सुटलेल्या थेंबाचंही तसंच. हवा 0 अंशांवर असेल आणि सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असेल, तर थेंब उणे 4 अंशांच्याही खाली जाऊ शकतो. आर्द्रता 90 टक्के असेल तर उणे अर्ध्या अंशावरच गाडी अडते. या हिशेबी तापमानाला ‘वेट बल्ब’ तापमान म्हणतात. ते साधारण उणे 2 अंशांच्या खाली गेल्याशिवाय यंत्रं सुरू करण्यात अर्थ नसतो. त्यामुळे हवामान तापतं तेव्हा दुहेरी मार बसतो. आभाळातून बर्फाऐवजी पाऊस पडतो आणि बर्फ बनवता येईल असे तासही कमी होतात. जेव्हा यंत्राची गरज सर्वांत जास्त, नेमकं तेव्हाच ते हात वर करतं.

शिवाय पाणी. ताजा नैसर्गिक बर्फ भुसभुशीत असतो, घनमीटरला 100 किलोच्या आसपास. यंत्राच्या बर्फाला सहा पाकळ्यांची नक्षी नसते. ते बाहेरून आत गोठलेले चिमुकले गोळेच असतात, आणि त्यांचा थर घनमीटरला 400 ते 500 किलो भरतो. शर्यतीच्या खेळाडूंना असा टणक उतार आवडतो, आणि तो वसंतातही लवकर वितळत नाही. पण एका हेक्टरवर 30 सेंटीमीटरचा थर द्यायचा तर किमान 12 लाख लिटर पाणी लागतं. त्यातही फवारलेलं सगळं पाणी उतारावर पोचत नाही. दाव्होसच्या संशोधकांनी पंख्याच्या यंत्रांवर मोजमाप केलं तेव्हा हवामानाप्रमाणे 7 ते 35 टक्के पाणी वाटेतच गायब होतं असं दिसलं. म्हणून डोंगरावर तळी खोदावी लागतात आणि तिथून भांडणं सुरू होतात. फ्रान्सच्या ला क्लुझा गावात अशा तळ्याविरुद्ध 2022 मध्ये आंदोलकांनी जंगलात ठाण मांडलं, आणि त्याच वर्षी न्यायालयाने कामाला स्थगिती दिली.

विजेबद्दल मात्र थोडं सबुरीने बोलायला हवं. स्नो गन हे सोयीचं खलनायक पात्र आहे, पण स्कीच्या गावाच्या कार्बन हिशेबात सर्वांत मोठा वाटा पर्यटकांच्या प्रवासाचा असतो. विमानाने आल्प्सला जाऊन यंत्राच्या बर्फाला नाकं मुरडणं मला जरा गमतीचं वाटतं.

फ्रेंच आल्प्समधल्या ग्रेनोबल शहराजवळ कोल द पोर्त इथे 1,325 मीटर उंचीवर 1960पासून बर्फाची मोजणी चालू आहे. तिथल्या हिवाळी बर्फाची सरासरी जाडी आधीच्या तीस वर्षांच्या तुलनेत 1990 ते 2020 या काळात सुमारे 40 सेंटीमीटरनी घटली. 2023च्या एका अभ्यासात युरोपातली 2,234 स्की केंद्रं तपासली गेली. पूर्वी पाच वर्षांतून एकदा यायचा तसा बर्फटंचाईचा हिवाळा वर्षाआड यायला लागला, तर ते केंद्र ‘अतिधोक्यात’ धरलं. जग 2 अंशांनी तापलं तर 53 टक्के केंद्रं या यादीत जातात. निम्म्या उतारांवर यंत्राचा बर्फ टाकला तर आकडा 27 टक्क्यांवर येतो. 4 अंशांना मात्र यंत्रं असूनही 71 टक्के केंद्रं धोक्यात. म्हणजे यंत्रं निरुपयोगी नाहीत. त्यांनी वेळ विकत घेता येतो, पण त्या वेळाचं करायचं काय हे गावाला ठरवावं लागतं.

फ्रान्सच्या ज्युरा पर्वतातल्या मेताबिएफ या स्की केंद्राने ते ठरवलं. 2030 ते 2035च्या दरम्यान उतारांवरचं स्की संपेल असं गृहीत धरून त्यांनी नव्या मोठ्या गुंतवणुकीला फाटा दिला. जुन्या लिफ्ट दुरुस्त करत तोवर चालवायच्या आणि बाकी वर्षाच्या पर्यटनाची घडी बसवायची, असा त्यांचा बेत आहे.

आपल्याकडे उत्तराखंडातल्या औलीचं उदाहरण आहे. 2011च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे यंत्रं आणली, त्यांच्यासाठी कृत्रिम तळंही बांधलं. पुढे ती यंत्रं बहुतेक काळ बंदच पडून राहिली. शिवाय त्याच डोंगराच्या अंगावर खाली जोशीमठ आहे, जिथे 2023च्या जानेवारीत जमीन खचून घरांना तडे गेले. अशा उतारावर जास्तीचं पाणी चढवायचं की नाही, हा प्रश्न स्कीच्या आधी भूगर्भशास्त्रज्ञांना विचारायला हवा.

गुलमर्गचं गणित वेगळं आहे. तिथला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. जानेवारी 2024 मध्ये बहुतेक महिना ते फिरकलेच नाहीत. ऐन ‘चिल्लई कलां’त, म्हणजे काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, मैदान पिवळं राहिलं, स्लेजवाले आणि स्की शिकवणारे हातावर हात धरून बसले. पुढच्या वर्षी ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. पण पुण्या-मुंबईहून सहलीला जाणाऱ्यांपैकी किती जण स्की करतात? बहुतेकांना गोंडोलातून (केबल कारमधून) अफरवटच्या शिखराकडे जाऊन बर्फात हात घालायचा असतो, तोही अनेकदा मे महिन्यात. पोट ज्या पर्यटनावर चालतं त्याला खालच्या मैदानावर यंत्राने पाडलेल्या बर्फाची फारशी गरज नाही. यंत्रांवर घालायचा पैसा झंझावातांचा अंदाज आठवडाभर आधी नीट देण्यावर आणि स्लेजवाल्यांच्या कोरड्या हंगामातल्या कमाईवर घालवावा, असं माझं मत आहे.