बॉयकॉट: एका आडनावाचं क्रियापद कसं झालं

कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा एजंट होता, म्हणजे कुळांकडून खंड वसूल करायचा आणि नाही दिला तर जमिनीवरून हुसकून लावायचं हे त्याचं काम. १८७९ ला पीक बुडालेलं, पुढच्या वर्षी कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली, मालक १० च्या वर जाईना, आणि सप्टेंबरमध्ये थेट जमीन सोडायच्या नोटिसा घेऊन माणूस दारात.

त्याच्या काही दिवस आधीच आयरिश नेता पार्नेल एनिस गावातल्या सभेत बोलला होता. शेजाऱ्याला हुसकल्यावर त्याची जमीन जो घेतो त्याचं काय करायचं असं त्याने विचारलं तर गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. तो म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे, रस्त्यात, दुकानात, चर्चमध्येसुद्धा त्याच्याशी बोलू नका. मेयोच्या लोकांनी हाच उपाय एजंटवर वापरला. मजूर निघून गेले, लोहार घोड्याला नाल ठोकेना, कपडे धुणारी येईना, दुकानदार माल देईना आणि शेतात पीक तसंच उभं. शेवटी बाहेरून ५० माणसं आणली, त्यांच्या बंदोबस्ताला जवळपास हजार सैनिक-पोलीस, आणि ५०० पौंडांच्या आसपासचं पीक काढायला अंदाजे १०,००० पौंड गेले!! १ डिसेंबर १८८० ला बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

शब्दाचं श्रेय जातं तिथल्या फादर जॉन ओमॅलींना. रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवलंय की 'ऑस्ट्रसिझम' (एखाद्याला समाजाबाहेर टाकणं) हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही म्हणून फादरनी 'बॉयकॉट करणं' सुचवलं. नोव्हेंबरपर्यंत तो लंडनच्या पेपरात आला, मग फ्रेंच, जर्मन, रशियन सगळीकडे.

आपल्याकडे १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीला बहिष्कार आला तो विलायती मालावर, आणि आज बॉयकॉट म्हटलं की आपल्याला वस्तूच आठवतात. पण मेयोत जे झालं ते खरं तर 'वाळीत टाकणं'च, फक्त तिथे दुबळ्या कुळांनी सत्तेच्या माणसाला टाकलं आणि आपल्या गावांत जातपंचायती एकट्यादुकट्या कुटुंबाला टाकत आल्या, पाणी बंद, दुकान बंद, मयताला खांदा नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो, दोन्हीला एकच शब्द लावून चालणार नाही. या दुसऱ्या प्रकारासाठी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.