सैल माऊथपीसला कागद गुंडाळण्याआधी

कोल्हापुरात वरातीआधी हमखास दिसणारं दृश्य: ट्रॉम्बोनचा (सरकत्या नळीचं पितळी वाद्य) माऊथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा भाग, डुगडुगतोय आणि कुणीतरी त्याच्या दांडीला, म्हणजे वाद्यात शिरणाऱ्या टोकाला, कागद गुंडाळतोय. ‘वाजवून वाजवून वाद्याचं भोक मोठं झालं,’ हे बँडवाल्यांचं जुनं निदान. बहुतेकदा ते चुकीचं असतं. दांड्या मुळातच बारीक आणि जाड अशा वेगवेगळ्या मापांत येतात. आतून १२.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या ट्रॉम्बोनला सहसा बारीक लागते, १३.९ मिलिमीटरच्याला जाड. जाड दांडीच्या जागी बारीक घातली की ती जास्त आत जाते आणि हलते. कागद भिजतो, हवा गळते. योग्य मापाची दांडी घ्या, नाहीतर बारीक दांडी जाड भोकात बसवणारा अडॅप्टर बसवा. माप बरोबर असूनही हलत असेल, तर दांडीचं टोक चेपलंय का बघा (मिरवणुकीत पडलेला माऊथपीस कोण लक्षात ठेवतो?). ठोकून मात्र बसवू नका. अडकला की पुलरशिवाय (माऊथपीस ओढून काढायचं अवजार) निघत नाही.