यिन व यांग (चिनी वैद्यक)

यिन व यांग : पारंपरिक चिनी वैद्यकात आरोग्य व रोग यांचा विचार ज्या जोडीच्या आधारे होतो ती जोडी. सावली, थंडावा, रात्र, स्थिरता ही यिनची अंगे. ऊन, उष्णता, दिवस, हालचाल ही यांगची. यांना शरीरातील दोन द्रव्ये समजण्याची गल्लत सर्रास होते. प्रत्यक्षात कोणतेही अंग स्वतःपुरते यिन वा यांग नसते. छाती पाठीच्या मानाने यिन, पण पोटाच्या मानाने यांग.

या विचाराची वैद्यकीय मांडणी ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन ग्रंथात आहे. त्यात यकृत, हृदय, प्लीहा, फुफ्फुसे व मूत्रपिंडे यिन गटात, तर जठर, आतडी, पित्ताशय यांसारखी पोकळ इंद्रिये यांग गटात येतात.

निदानात या जोडीची खरी कसोटी लागते. अंगात उष्णता दिसली म्हणजे यांग वाढलेच असे नाही. रात्री घाम, तळहात-तळपायांची आग, लाल व जवळजवळ थर नसलेली जीभ, बारीक पण जलद नाडी अशी लक्षणे असतील, तर वैद्य यिन घटल्याचे मानतो आणि नुसते थंड औषध न देता यिनचे पोषण करतो.

प्राचीन चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांच्या एका प्रसिद्ध पाठात (औषधांच्या ठरावीक मिश्रणात) आठ घटक आहेत. मूत्रपिंडाचे यांग वाढवणारा हा पाठ. पण त्यातील २७ भागांपैकी दालचिनीची काडी व बचनागवर्गीय मूळ ही उष्ण औषधे प्रत्येकी एकच भाग, तर यिनपोषक रेहमानियाचे मूळ तब्बल ८ भाग. यांगला यिनचा आधार लागतो, हे तत्त्व इथे थेट मापात उतरले आहे. सोंग राजवटीच्या काळातील बालरोगवैद्य च्यान यी यांनी हीच दोन उष्ण औषधे वगळली आणि उरलेल्या सहांचा पाठ पुढे यिनपोषणासाठी रूढ झाला.

भर नेमका कशावर द्यावा, यावर मात्र एकमत नव्हते. वैद्य झू दानशी (१२८१–१३५८) यांच्या मते माणसात यांग नेहमी जास्त व यिन अपुरे असते. मिंग राजवटीच्या काळातील वैद्य झांग ज्येबिन यांनी हे मत खोडून यांग जपण्याचा आग्रह धरला.

यिन-यांग मोजता येईल असे शरीरक्रियाशास्त्रीय माप नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत, पारंपरिक वैद्यकाच्या स्वतंत्र प्रकरणात, अशा निदानांची नोंद आहे. ती नोंदणीपुरती असून उपचारांच्या परिणामकारकतेची ग्वाही नव्हे. बचनागवर्गीय मुळातील ॲकोनिटिन हे विष तर हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते, म्हणून झांग झोंगजिंग यांच्या पाठातले हे मूळ योग्य प्रक्रियेशिवाय वापरत नाहीत.