लाईट गेल्यानंतरचे १७ मिलिसेकंद

‘संगणकाला ७५० वॅटचा पॉवर सप्लाय लावलात तर बिल वाढेल, ५०० चाच घ्या’ हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. सप्लाय म्हणजे सॉकेटमधली वीज संगणकाच्या कामाची करून देणारा डबा. संगणक मागेल तेवढीच वीज तो ओढतो, वर थोडी तूट. संगणकाला ३०० वॅट लागत असतील आणि सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर सॉकेटमधून ३३३ वॅट जातील. डब्यावर ५०० छापलंय की ७५०, याने त्यात नावापुरताच फरक पडतो.

दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: आकडा मोठा, म्हणजे माल चांगला. इथे डब्याच्या बाजूचं लेबल वाचावं. त्यावर ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या लाइन्स आणि प्रत्येकीचे अँपिअर दिलेले असतात. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून त्या रकान्यातल्या अँपिअरना १२ ने गुणा. ७५० वॅटच्या प्रामाणिक सप्लायवर ६२ अँपिअर दिसतील, म्हणजे ७४४ वॅट. तिथे ३४ अँपिअर असतील तर हाती येतात ४०८ वॅट. उरलेला आकडा फारशा न वापरल्या जाणाऱ्या लाइन्सवर दाखवलेला असतो. ‘पीक वॅट’ असं लिहिलं असेल तर तो डबा सरळ परत ठेवा.

पण लेबल खरं असलं तरी विश्वासार्हता त्यावरून कळत नाही. ती बरीचशी ठरते आतल्या एका जाड कॅपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर (कधी कधी दोन असतात).

सप्लायमध्ये येणारी एसी वीज आधी डीसी होते, मग पीएफसी नावाचं सर्किट तिचं व्होल्टेज ३८० ते ४०० पर्यंत चढवतं. ही वीज त्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठते आणि पुढचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून तिथूनच ती उचलतात. लाईट गेली की याच साठ्यावर संगणक काही क्षण तग धरतो. या काळाला होल्ड-अप टाइम म्हणतात. डेस्कटॉप संगणकाच्या सप्लायसाठीच्या एटीएक्स मानकात पूर्ण भारावर १७ मिलिसेकंदांची अपेक्षा बरीच वर्षं होती; अलीकडे ती पूर्ण भारावर १२ आणि ८० टक्के भारावर १७ इतकी सैल झाली आहे.

शाळेतलं सूत्र आठवा: साठलेली ऊर्जा = ½ × धारिता × व्होल्टेजचा वर्ग. ३९० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ३९० व्होल्टवर भरला की त्यात सुमारे ३० ज्यूल असतात. मात्र व्होल्टेज समजा ३०० च्या खाली गेलं की पुढचं सर्किट १२ व्होल्ट सांभाळू शकत नाही, त्यामुळे तळाचे साडेसतरा ज्यूल असून नसल्यासारखे. कामाचे उरतात १२. आता प्रोसेसर १८०, कार्ड ३०० आणि बाकी ७० मिळून ५५० वॅटचा भार घ्या. तूट धरून कॅपॅसिटरमधून सेकंदाला ६०० ज्यूल निघतात. १२ भागिले ६००, म्हणजे २० मिलिसेकंद. निर्मात्याने काटकसर करून २२० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर बसवला असेल, तर हाच काळ ११ वर येतो.

ऑफलाइन, म्हणजे लाईट गेल्यावरच बॅटरीकडे वळणाऱ्या यूपीएसला बॅटरीवर जायला १० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे ११ वाला सप्लाय नवा असताना कसाबसा निभावतो. पुढे कॅपॅसिटरची धारिता २० टक्क्यांनी घटली की ११ चे ९ होतात, लाईट गेली की संगणक रीस्टार्ट होतो आणि बोल मात्र यूपीएसला लागतो. (काही स्वस्त यूपीएसच्या विजेची लहर गुळगुळीत नसून पायऱ्यापायऱ्यांची असते आणि ती पीएफसीला मानवत नाही, ही आणखी वेगळी भानगड.)

धारिता घटते का? हा कॅपॅसिटर म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजवलेला कागद, यांची गुंडाळी. एका पट्टीवरचा ऑक्साइडचा अतिपातळ थर विद्युतरोधकाचं काम करतो. बुडाशी रबराचं बूच असतं आणि त्यातून द्रवाची वाफ वर्षानुवर्षं झिरपत राहते. द्रव आटला की अंतर्गत रोध वाढतो, रोधामुळे उष्णता वाढते आणि उष्णतेने द्रव आणखी आटतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ‘१०५ अंश, २००० तास’ असा शेरा असलेला कॅपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकतो. ‘८५ अंश, २००० तास’ वाला त्याच जागी ८,००० तास. रोज ८ तास वापर धरला तर एकाला जवळपास ११ वर्षं, दुसऱ्याला पावणेतीन.

पुढच्या, म्हणजे संगणकाकडच्या बाजूच्या छोट्या कॅपॅसिटरनाही हेच लागू होतं. ते थकले की डीसीवरची थरथर, म्हणजे रिपल, वाढते. एटीएक्सची मर्यादा १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्ट. रिपल मल्टिमीटरवर धड दिसत नाही, त्याला व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून सप्लायच्या मुख्य प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून ‘पंखा फिरला, म्हणजे सप्लाय ठणठणीत’ ही परीक्षा जवळपास बिनकामाची आहे. सप्लाय हातात तोलून दर्जा सांगणारे तर नाडीपरीक्षा करणाऱ्यांच्याच पंगतीतले.

‘८० प्लस गोल्ड’चं स्टिकर खोटं नसतं, पण ते फक्त कार्यक्षमता सांगतं (११५ व्होल्टवर निम्म्या भाराला ९० टक्के), आणि ती चाचणीसुद्धा २३ अंशांच्या आसपास होते. होल्ड-अप, रिपल, संरक्षक सर्किटं यांच्याशी त्याचा संबंध नाही. एकाच ब्रँडच्या दोन मालिका वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या असू शकतात, तेव्हा नेमक्या मॉडेलचाच रिव्ह्यू शोधा: सप्लाय उघडून कॅपॅसिटर दाखवलेत का, पूर्ण भारावर होल्ड-अप मोजलाय का, ४० अंशांच्या वर चालवून पाहिलाय का. वॉरंटी ७ ते १० वर्षं असेल तर निर्मात्याने आपला हिशोब केलेला असतो. घरी डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही ते ३० ज्यूल आत असू शकतात.

क्षमता ठरवताना वरच्या ५५० च्या भाराला ७५० वॅटचा सप्लाय घ्यावा. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धापुरतं सरासरीच्या दुप्पट वीज मागू शकतं. एटीएक्स मानकाच्या ३.० आवृत्तीपासून हे झटके सोसण्याची अट आहे. त्याआधीचा सप्लाय असेल तर जास्त मोकळीक ठेवा. दोन ८-पिन सॉकेट असलेल्या कार्डाला एकाच केबलची दोन टोकं न लावता दोन स्वतंत्र केबल द्या. नवा १२ व्होल्टचा १६-पिन प्लग फट न राहता पूर्ण आत बसवा आणि तोंडाशी लगेच वाकवू नका, कारण अर्धवट टेकलेल्या पिना तापून प्लास्टिक वितळतं. सप्लाय बदलला तर जुन्याच्या मॉड्युलर (सुट्या होणाऱ्या) केबल नव्याला लावायचा मोह टाळा. सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम कोणत्याही मानकाने ठरवलेला नाही. प्लग चपखल बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊ शकतात आणि हार्ड डिस्क त्याच क्षणी कामातून जाऊ शकते.